चहाच्या सुट्टीतला गूळ

माझं सगळं इथलंच, ताई. आजोबा कधीतरी नागपूरकडून जबलपूरला आले, वडील बंदुकीच्या कारखान्यात लागले, मी मदन महलच्या टेकडीखाली जन्मले आणि लग्नही इथल्या इथेच झालं. घरात मराठी, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी, म्हणून माझं बोलणं असं खिचडी आहे, सांभाळून घ्या. पण मी जे सांगून राहिली ते गोड करून लिहू नका, एवढंच.

आमच्या यांना, नाव घेते, वसंतरावांना, सरकारी नोकरी काही लागली नाही. शहराबाहेर जुन्या बॅटऱ्या फोडायची एक शेड आहे, तिथे गेले. ट्रकच्या, इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या कुऱ्हाडीने फोडायच्या, आतल्या शिशाच्या प्लेटा काढायच्या, भट्टीत वितळवायच्या, हेच काम दिवसभर, आणि शेडमध्ये नुसती राखाडी धूळ, अंगावर धूळ, भाकरीच्या डब्यावर धूळ. हातमोजे नाहीत, हात धुवायला नळ नाही. पण सेठ कसा? तर देवमाणूस, सगळी लेबर असंच म्हणायची. काहून, तर रोज चहाच्या सुट्टीत सेठ स्वतः येऊन एकेकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा. खाओ भैया, गुड़ से सीसा कट जाता है. आणि हे त्याच काळ्या हातांनी खायचे, बोटं चाटून चाटून खायचे. मी पण सेठला दुवा देत होती, खोटं काहून बोलू.

मग यांचं पोट दुखणं सुरू झालं. काय सांगू तुम्हाला, असा पीळ पडायचा की हे फरशीवर गडबडा लोळायचे. चेहरा पांढराफटक, हात थरथरून राहिले, चहाची कपबशी वाजायची. ज्या माणसाने मला कधी अरेतुरे केलं नाही तो एक दिवस ताट फेकून मोकळा. मोहल्ल्यात बोलणं सुरू झालं, वसंत पिऊन राहिला. अहो, स्वतःच्या भावाच्या वरातीत थेंब नाही घेतला या माणसाने! आणि सेठ, तो देवमाणूस, सगळ्यांसमोर यांना म्हणाला, पीना छोड़ दे वसंत, आणि त्या दिवशी गुळाचा खडा जरा मोठा दिला. हे मान खाली घालून घरी आले. मला म्हणाले, मी पीत नाही, तू तरी मानतेस ना. त्या सेठचं तोंड आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दवाखान्यात नेलं तर डॉक्टरने वर पाहिलंसुद्धा नाही, दारू बंद करवाइए इनकी, झालं, चलो अगला. मग एका सकाळी शर्टाची बटणं लागेनात. दोन्ही मनगटं खाली लोंबली, तुटल्यासारखी, उचलायला जातात तर उचलत नाहीत. पुन्हा धावली मी, या वेळेस एक लेडी डॉक्टर होती. तिने पहिलं काय विचारलं माहीत आहे? काम काय करता. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, काळी निळी रेघ होती. रक्त तपासलं, शिसं निघालं. जेवता कुठे, हात कशाने धुता, ती विचारून राहिली आणि मी गुळाचं सांगितलं, तशी तिने यांचे तळहात उलटून पाहिले. मग म्हणाली, ताई, गुळाने काही कटत नाही, हाताची धूळ गुळाला चिकटून रोज पोटात गेली.

म्हणजे बघा. ज्याला आम्ही औषध समजलो.

संक्रांत आली. घरोघरी तीळ भाजून राहिले आणि सेठचा माणूस आमच्या दारात, गुळाची भेली घेऊन. वर निरोप, वसंतची जागा रिकामी आहे, किशोरला पाठवा. किशोर म्हणजे माझा धाकटा दीर. तो चप्पल घालून तयारच! मी म्हटलं, चल, मी पण येते. भेली पिशवीत घातली आणि ऑटो करून थेट शेडवर गेली. चहाचीच सुट्टी होती, सेठ गूळ वाटून राहिला होता. मी भट्टीशेजारची धूळ मुठीत घेतली, सेठच्या तळहातावर चोळली आणि त्यावर त्याच्याच भेलीचा तुकडा ठेवला. म्हटलं, खाओ सेठजी, कट जाएगा.

त्याने हात झटकला. गूळ खाली. असा झटकला जसा इंगळी चढली होती, आणि खिशातून रुमाल काढून बोटन् बोट पुसलं. सगळी लेबर पाहून राहिली. ताई, त्याला ठाऊक होतं! इतकी वर्षं ठाऊक होतं त्याला.

मी किशोरचा हात धरून परत आणला. आता तो इथेच शहरात, राइट टाउनात ऑटो चालवतो. बाकीचे काही अजून जातात त्या शेडवर, त्यांना मी काय बोलू, पोटं आहेत, आता हात धुवायची बादली घेऊन जातात म्हणे. देव त्यांचे हात शाबूत ठेवो. सेठला मात्र माझा आशीर्वाद नाही, तसंच लिहा.

थांबा, हे येऊन राहिले बाहेर. पावलं अडखळतात, पण प्यालेले नाहीत, कधीच नव्हते. तुम्हाला नमस्कार करतील. हात वर उभे राहत नाहीत त्यांचे, राग मानू नका.