इंजेक्टरची वाढीव मागणी

...आणि वर मलाच विचारतात, "विनायकराव, गाडीला पाजलंत तरी काय?" अहो, पेट्रोल पाजलं, दुसरं काय पाजणार! जरा जास्त पाजलं, एवढंच. पण का जास्त पाजलं, हे कोणी विचारतं का? नाही विचारत. तुम्हाला सांगतो, बसा, घाई काय आहे, मेट्रो अजून खोदतायत...

माझी सगळी हयात दिल्लीत, मिनिस्ट्रीत गेली. तिथे एक गोष्ट शिकलो, मागताना वाढवून मागायचं, वरून कापतातच! सेक्शनला चार पंखे हवेत? आठ मागा. फायनान्सवाला चष्मा नाकावर ओढून म्हणतो, "आठ? आप लोग उड़ना चाहते हैं क्या?" आणि चार देतो. चारच मागितले असते तर दोन मिळाले असते, आणि मे महिन्यात अर्धा सेक्शन वाळत पडला असता. असं सगळं बिल्कुल व्यवस्थित चाललं होतं हो. पण मला साडू आहे.

जयंतराव. मानेसरला मोटारीच्या कारखान्यात मोठे इंजिनियर. आम्ही सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बादल्या भरून ठेवतो आणि हे गुडगावात नव्या फ्लॅटमध्ये, लिफ्ट काय, जनरेटर काय... आणि आमचे सासरे, भाऊसाहेब, उठता-बसता "आमचे जयंतराव"! मी कोण? मी "अलकनंदाचे यजमान". मला नाव नाही!

तर जयंतरावांच्या कारखान्याचा वार्षिक मेळावा, त्यात कर्मचारी आणि नातेवाईक यांच्यासाठी मोटारींची शर्यत, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. झेंडा दाखवायला कोण? भाऊसाहेब! म्हटलं, बस. एकदा, फक्त एकदा या माणसाच्या पुढे जायचं, तेही सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत. मग भले म्हातारपणी बादल्या भरू.

गाडी घेऊन तडक फरीदाबादला गेलो, सतविंदर मेकॅनिककडे. हा माणूस कशालाच नाही म्हणत नाही. त्याने समजावलं, इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलची पिचकारी मारणारी तोटी, आणि प्रेशर म्हणजे ती पिचकारी किती जोरात मारायची ते. मी विचारलं, गाडी जोरात पळवायची तर इंजेक्टर केवढा लागेल? त्याने एक दाखवला. मी म्हटलं, याच्या दुप्पट द्या. "हो जाएगा साबजी." प्रेशर किती असतं? "तीन." साडेचार करा. "हो जाएगा साबजी." अहो, मागताना वाढवून मागायचं, वरून कापतातच!

तरी जयंतरावांना सुगावा लागलाच. बायका बहिणी-बहिणी, फोन चालूच असतो. त्यांचा तो शांत आवाज... त्या शांतपणाचाच मला राग येतो. "विनायकराव, इंजिन जेवढी हवा ओढतं, तेवढ्याच हिशोबाने पेट्रोल लागतं. हवा तेवढीच, मग इंजेक्टर दुप्पट कशाला? निदान प्रेशर तरी तीनवर आणा." मी मनात म्हटलं, घाबरला! बिल्कुल घाबरला!

गाडी घेऊन कॉलनीत शिरलो. मागे काळा धूर, पुढे खों-खों खोकला, आणि पेट्रोलचा असा भपकारा की पानवाल्याने घाईघाईने विडी विझवली. पटापट खिडक्या लागल्या. पोरं धुरात नाचत मागे, "मच्छरवाली गाड़ी आई!" फवारणीची गाडी वाटली हो त्यांना! वरच्या मजल्यावरच्या बाई तर ओरडल्या, "भैया, नाली में भी मार दो!" अलकनंदा दारात नाकाला पदर लावून उभी. म्हणाली, "तुम्ही गाडी सुधारलीत की बिघडवलीत, ते एकदा ठरवा." मी म्हटलं, अगं, वेगात गेली की जास्तीचं आपोआप कापलं जाईल.

कोण कापणार? सांगा ना, कोण कापणार? इंजिनात काय फायनान्सवाला बसलाय? गाडीतला तो कम्प्युटर बिचारा तोटी पूर्वीइतकाच वेळ उघडतो, पण तोटीच दुप्पट, वर प्रेशर साडेचार! आयुष्यात पहिल्यांदा माझी मागणी जशीच्या तशी मंजूर झाली, आणि कुठे? इंजिनात!

शर्यतीच्या दिवशी भाऊसाहेब पांढऱ्याशुभ्र सफारीत. शेजारी जयंतरावांची गाडी, कारखान्यातून निघाली तशीच, मेलीला एक स्टिकरसुद्धा नाही. झेंडा पडला. मी पाय दिला... आणि गाडीने चूळ भरली हो! गुळगुळ, गुळगुळ, फट! मागून असा काळा ढग उठला की मैदान गेलं, मांडव गेला, सासरे गेले. म्हणजे दिसेनासे झाले! ढग विरला तर सफारी राखाडी, मिशा काळ्या, वीस वर्षांनी तरुण दिसत होते. गाडी जागेवरच. प्लग पेट्रोलने चिंब, ठिणगी पडणार कुठून! जयंतराव त्या टोकाला पोहोचले, कोणाशी तरी हात मिळवला, सरबत प्यायले आणि परत आले. डिकीतून दोरी काढली. त्यांच्याकडे दोरी असतेच. माझी गाडी मागे बांधली यार, आणि ओढत ओढत, सगळ्या कारखान्यादेखत, शेवटच्या रेषेपलीकडे नेली.

भाऊसाहेब तिथे चालत आले. चष्मा हातात, पुसतायत, काजळी काही निघत नाही, दोन हातांपलीकडचं दिसत नाही. त्यांनी माझा खांदा चाचपला आणि थोपटला. म्हणाले, "शाबास, विनायकराव. आज अगदी जयंतरावांच्या पाठोपाठ आलात."

विनायकराव! नावाने! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा... मला भरूनच आलं. त्यांना दोरीचं मी काही सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.