तपासणीपुरती चाकं

नाही हो, तुम्हाला कुणीतरी भलतंच सांगितलं — टायर उसने-बिसने मी देत नाही. मी आपला पंक्चरवाला. तपासणी केंद्राच्या फाटकासमोर बसतो म्हणून लोक काहीही उठवतात. साहेबांनी तर नाही ना पाठवलं तुम्हाला? तो खिशातला फोन जरा पेटीवर ठेवा. हां. राग मानू नका.

गाडी कुठली — ती पिवळी, शाळेची? आणा. जॅक लावतो. अरे, पुढचे ठीक, पण मागचे पार गुळगुळीत — माझ्या टकलासारखे! — बरं, गोणपाटाखाली माझे दोन चांगले आहेत. देत नाही म्हटलं मघाशी, पण आता आलाच आहात. आत चाकं बघतात, शिक्का मारतात, गाडी बाहेर आली की मी माझे काढतो, तुमचे जुने चढवतो. सगळ्यांचं असंच चालतं. मागच्या वर्षी — थांबा, मागच्या वर्षीही तुम्हीच ना? दाराची कडी तारेनं बांधलेली — तीच गाडी. मला अक्षर वाचता येत नाही, पण गाडी विसरत नाही.

हा नट फार आवळलाय... मीच आवळला असणार. निघाला. काय, घाई आहे? पोरं सुटायची वेळ झाली? — आणि ते काय हो, मागच्या सीटजवळ, काचेवर चिकटवलेलं? काळं. रबराचं फूल. पाच पाकळ्या, एक कातरताना तुटलेली.

नाही, खरवडू नका. जुन्या ट्यूबचं आहे ते. माझी नात कातरते, सुट्टीच्या दिवशी, इथेच माझ्याजवळ बसून. डबीतलं सोल्यूशन मीच देतो चिकटवायला. ती कुठल्या गाडीनं जाते मी कधी पाहिलं नाही, मी पहाटेच निघतो. सून म्हणाली होती, मामंजी, गाडी तपासलेली आहे, शिक्का आहे. मी म्हटलं, शिक्का आहे ना, मग झालं तर. — मीच म्हटलं. वर्षभर पोरगी याच चाकावरच्या सीटवर बसून गेली.

ते गोणपाट सोडा. सोडा म्हणतो ना. नट सगळे माझ्या खिशात आहेत. नवे टायर घेऊन या, तोवर गाडी जॅकवरच राहील. पोरांना मी आणतो, चालत. बाटलीत पाणी आहे — प्या, आणि निघा.