चाक धरणारा माणूस

मी, गुरुलिंग चनबसप्पा हत्तुरे, वय ६३ वर्षे, धंदा मोटार गॅरेज, रा. भवानी पेठ, सोलापूर. ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. खाली गॅरेज, वर खोली.

माझे मित्र अण्णाराव कलशेट्टी यांची जीप माझ्याकडे दुरुस्तीस आहे. चिखलात तिचे एक मागचे चाक नुसतेच फिरायचे, दुसरे हलायचे नाही. असे होऊ नये म्हणून दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या मागच्या डिफरन्शियलमध्ये प्लेटा असतात, त्या झिजल्या होत्या. काम चालू असताना अण्णाराव वारले. त्यांची मुलगी काव्या पुण्याला असते. गाडी तयार झाली की ती घेऊन जाणार आहे.

नवीन प्लेटा बसवल्यावर मागची दोन्ही चाके जॅकवर घेतो. एकाने एक चाक धरायचे, दुसऱ्याने दुसरे फिरवायचे. जड गेले तर काम बरोबर. एक चाक जमिनीवर टेकवूनही हे पाहता येते. परंतु माझ्याकडे चाक अण्णारावच धरायचे, मग गाडी कोणाची का असेना.

आज दुपारी शटर ओढून काम करत होतो, कारण प्लेटांवर धूळ चालत नाही. एक चाक दोरीने बांधले होते. दुसरे फिरवताना, "अण्णा, सोडू नगं. घट धर की," असे माझ्या तोंडून मोठ्याने निघत होते. शेजारच्या कमलम्मा यांनी बाहेरून शटर वाजवून, "आत कुणाला डांबलंय ओ? सोडा की त्याला!" असे विचारले. मला राग आला. "तुमाला काय करायचं हाय?" असे मी म्हणालो. त्यावरून त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलिसांनी शटर उघडायला लावले. आत कोणी नव्हते.

काम किती बाकी आहे, असे हवालदारांनी विचारले. खरे सांगायचे तर काम पहिल्या खेपेलाच बरोबर झाले होते. काव्याचा फोन आला की मी अजून झाले नाही म्हणतो आणि प्लेटा पुन्हा काढतो. गाडी गेली की गॅरेजमध्ये बोलायला कोणी उरणार नाही, याची मला भीती वाटते.

आता हवालदारांसमोरच काव्याला फोन लावून गाडी तयार आहे असे सांगितले. "काका, रविवारी येते," असे ती म्हणाली.

कमलम्मा यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. अण्णाराव गेल्यापासून माझा आवाज ऐकून कोणी शटर वाजवले, ते त्यांनीच.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, म्हणून सही केली.