अडीच फुटांचं माप

(कतारमध्ये, समैस्मा गावाच्या अलीकडे, मजीदच्या मालकाच्या म्हणजे अरबाबच्या शेतावर उभी असलेली जुनी मोटरहोम. डिसेंबरातला शुक्रवार, दुपारची वेळ. मजीद आणि त्याची बायको रुकैया पलंगाच्या गादीवर नवी खोळ चढवताहेत. सुतार निवृत्ती कपाटाच्या बिजागऱ्या बसवतोय.)

रुकैया: बसली. अगदी गच्च बसली, एक सुरकुती नाय. आता दुसरी गादी दाखवा.

मजीद: कुठली दुसरी?

रुकैया: पलंगाची. कागदावर सहा बाय अडीच लिहून दिलंत. मला वाटलं, पलंग दोन भागांत असेल, उरलेल्या भागाचं माप मागून द्याल.

मजीद: एवढाच आहे पलंग. तू ते कोपऱ्यात शिवणीवरचं पायपिंग बघ, वाकडं दिसतंय.

रुकैया: पायपिंग सरळ आहे. तीन दिवस मशीनवर बसले त्याच्यासाठी. अरबाब अडीच फुटांत झोपणार? ईदला बघितलंय मी त्यांना.

निवृत्ती: ह्ये बाकी खरं बोलल्या भाभी. अरबाब आडवं झालं तर निम्मं खालीच.

मजीद: निवृत्ती, तू बिजागऱ्या बसव.

निवृत्ती: बसवतोय की.

रुकैया: तुम्ही मला काय सांगितलंत? अरबाबची फॅमिली यंदा थंडीत इथे येऊन राहणार, आतलं सगळं सडलंय, स्वस्तात नीट करून द्यायचंय. फॅमिली म्हणजे बायको, आई, चार मुलं. आणि पलंग एक. शेगडी एका बर्नरची. भिंतीला खुंटी पण एकच!

मजीद: फॅमिली दर वेळी येते का? कधी त्यांचा एखादा दोस्त येईल मासे पकडायला. एकटा. बजेट नव्हतं रुकैया. जुने बाक पाण्याने फुगले होते, एसीचं पाणी आत मुरलेलं. गाड्या दुरुस्त करणाऱ्या कंपनीवाल्याने जो भाव सांगितला, त्या भावाने नुसती दारं आली असती. मी पडदे अरबाबच्या घरच्या जुन्या कापडाचे केले, फोम नजमा भागातल्या बाजारातून सेकंडहँड आणला, कपाटं बंद पडलेल्या कॅफेटेरियाची. कोणी करून दाखवावं एवढ्यात.

रुकैया: आणि हे टेबल कुठून आणलंत?

मजीद: ते... असंच.

रुकैया: असंच कुठून? बाजूला व्हा. खालून बघू दे. हे काय आहे?

मजीद: काय?

रुकैया: कर्कटकाने कोरलेलं नाव. हुस्ना, सेव्हन बी. हे माझ्या पोरीचं टेबल आहे! तुम्ही रिपेअरला नेलं होतं ना? ड्रॉवर अडकतो म्हणून? पोर पंधरा दिवस जमिनीवर बसून अभ्यास करतेय.

मजीद: तिला दुसरं घेणारच होतो.

रुकैया: पाय कापलेत त्याचे!

निवृत्ती: खिडकीखाली बसत नव्हतं भाभी. चार इंच कमी करावं लागलं.

रुकैया: तुम्ही कापलंत?

निवृत्ती: कापलं. भाईंनी सांगितलं म्हणून कापलं.

रुकैया: थांबा. मजीद, मी अजून एक विचारते आणि खरं सांगा, अल्लाहची कसम आहे तुम्हाला. कागदावर खाली लिहिलं होतं, "डाव्या बाजूला खिसा, उशापासून वीतभर." मी लावला. विचार पण केला नाय, हाताला सवय आहे. आपल्या घरच्या पलंगाला तसाच आहे ना, तुमच्या चष्म्याचा. अरबाब चष्मा लावत नायत. त्यांचा दोस्त लावतो?

मजीद: रुकैया, चहा घे आधी. थर्मासमध्ये आहे.

रुकैया: इथे कोण झोपणार आहे?

मजीद: मी.

रुकैया: किती दिवस?

मजीद: जानेवारीपासून. शोरूम बंद झालं, ते तुला माहीत आहे. अरबाबने हाऊस अलाउन्स पण बंद केलाय. दहा तारखेनंतर आपला थुमामातला फ्लॅट खलास. इथे शेतावर राखणदार पाहिजे, राहायला ही गाडी, व्हिसा त्यांचाच राहतो. त्रेपन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार मला? चार वर्षं काढली की हुस्नाची दहावी होते.

रुकैया: आणि आम्ही दोघी?

मजीद: गावी. रत्नागिरीला. जैदशी बोललोय, वरच्या दोन खोल्या तो मोकळ्या करतोय.

रुकैया: जैदशी बोललात.

मजीद: भाऊ आहे माझा.

रुकैया: भावाला कळलं. अरबाबला कळलं. सुताराला कळलं. आणि बायकोला कापडाच्या मापावरून कळायचं? ते पण तिच्याच हाताने शिवून घेऊन? लाज नाय वाटली तुम्हाला, मापाचा कागद माझ्या हातात देताना?

मजीद: बाहेर शिवायला दिलं असतं तर...

रुकैया: तर पैसे गेले असते! बोला ना.

मजीद: सांगणार होतो. दहा वेळा तोंडावर आलं. तुला आधी विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?

रुकैया: नाय म्हटलं असतं.

मजीद: म्हणूनच नाही विचारलं!

रुकैया: व्वा.

निवृत्ती: भाई, म्या जरा भाईर जातो. ऊन कमी झालंय.

रुकैया: तुम्ही कुठे चाललात निवृत्तीभाऊ? माझ्या घरी बसून तीनदा जेवलात या महिन्यात. सांदण खाल्लंत, अजून द्या म्हणालात. तेव्हा सगळं ठाऊक होतं तुम्हाला.

निवृत्ती: ठाऊक व्हतं. भाईंनी शपथ घातली व्हती. म्या सुतार माणूस भाभी, माप दिलं तसं कापायचं. आन् खरं सांगू का, एवढं रागवायसारखं काय हाय त्याच्यात? नजमाला आमच्या खोलीत आठ जण ऱ्हातो, समदे अडीच फुटांवरच. ह्याच्यात एसी हाय, सोताची मोरी हाय. अकरा वरसं झाली मला. बायकू बबीता तिकडं पाथर्डीला, म्या हिकडं. मरतंय का कुणी?

रुकैया: इकडे येताना बबीताला विचारलं होतंत?

निवृत्ती: विचारायचं काय त्यात...

रुकैया: विचारलं होतंत का?

निवृत्ती: न्हाई. एजंटाला पैसं भरले, मंग सांगितलं.

रुकैया: काय म्हणाली?

निवृत्ती: भाकरी थापत व्हती, थापत ऱ्हायली. मंग दोन महिनं फोनवर आली न्हाई. पोराच्या हातात द्यायची फोन.

रुकैया: बघा मग, मरतंय की नाय कोणी.

मजीद: त्याला कशाला बोलतेस? माझ्यावर राग आहे ना, मला बोल. पण मला एक सांग, पर्याय काय होता? नजमात एका खोलीत राहिली असतीस? चार बिऱ्हाडांत एक संडास, खाली कॅफेटेरिया, जिन्यात सगळी बॅचलर पोरं. वयात आलेल्या पोरीला घेऊन?

रुकैया: राहिले असते.

मजीद: बोलायला सोपं आहे.

रुकैया: राहिले असते की नाय ते मी ठरवलं असतं! माझी मशीन आहे. थुमामातल्या निम्म्या बायांचे कपडे मी शिवते, त्या मल्याळी टीचर, त्या इजिप्तच्या मिसरी बाया. तुमचं शोरूम बंद झाल्यापासून भाजी कुठून येते घरात? पण तुम्हाला ते कमाईत दिसतच नाय. तुम्हाला वाटतं, बायको म्हणजे सामान. फ्लॅट रिकामा करायचा, पलंग विकायचा, टेबलाचे पाय कापायचे, बायको पार्सल करायची.

मजीद: मी पार्सल करतोय? मी इथे शेळ्या राखत बसणार आहे, चाळीस डिग्रीत, पत्र्याच्या डब्यात! कोणासाठी? बावीस वर्षं टाय लावून काउंटरवर बसलो. आता शेळ्या! तुला काय, माणसांत राहशील.

रुकैया: माणसांत? जैदच्या बायकोच्या, त्या अफशांच्या हाताखाली! लग्न झाल्यापासून माझ्याशी सरळ बोललेली नाय ती. मागच्या सुट्टीत माझ्या ताटात तिने मटणाच्या किती बोट्या वाढल्या ते मोजून बघितलंय मी. त्या घरात मी कोण म्हणून राहायचं? दोहाची थोरली जाऊ, जिच्या नवऱ्याची नोकरी गेली?

मजीद: नोकरी गेली नाही.

रुकैया: गेली. आणि तुम्ही मला गेली म्हणून सांगितलं असतंत ना, तर मी ही खोळ रडत शिवली असती, पण शिवली असती. आणि माप मी सांगितलं असतं.

मजीद: झालं ते झालं. तिकिटं सात तारखेची बघतोय. हुस्नाला मी समजावतो.

रुकैया: तुम्ही? तुम्ही तिला टेबल रिपेअरला नेतो म्हणून सांगितलंत. तिला मी सांगेन. आणि सात तारीख विसरा. मार्चमध्ये तिची परीक्षा आहे. परीक्षा झाल्याशिवाय आम्ही दोघी विमानात चढत नाय.

मजीद: आणि राहाल कुठे?

रुकैया: शोभाताई आहेत नजमाला, माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतात. त्यांची मागची खोली रिकामी आहे. मला कधीपासून म्हणताहेत, मशीन आणून टाक म्हणून. मी आणि हुस्ना तिथे राहू. मार्चनंतर काय ते मार्चमध्ये बघू, तेव्हा पण मी ठरवीन.

मजीद: मी फोन करून बघतो शोभाताईंना. त्यांच्या मिस्टरांशी बोललेलं बरं.

रुकैया: तुम्ही काही बोलू नका. तुम्ही इथे झोपा, पलंग तयार आहे. निवृत्तीभाऊ, टेबलाचे कापलेले तुकडे ठेवलेत की फेकलेत?

निवृत्ती: हायेत. त्या खोक्यात. चांगलं लाकूड फेकवत न्हाई मला.

रुकैया: परत जोडता येतील?

निवृत्ती: येत्याल. डिंक न् खिळा मारून पक्कं व्हईल. पण जोड दिसंल भाभी.

रुकैया: दिसू दे. आजच्या आज जोडा. जाताना मी टेबल घेऊन जाणार.

मजीद: मग इथे खिडकीखाली काय ठेवू?

रुकैया: मांडीवर ताट घेऊन जेवा. निवृत्तीभाऊ, ब्लेड आहे का?

निवृत्ती: ही घ्या. सांभाळून, नवीन हाय.

मजीद: ब्लेड कशाला? रुकैया, काय करतेस? तो खिसा कशाला उसवतेस?

रुकैया: सरका, उजेड अडतोय.

मजीद: अगं, राहू दे ना. मला लागेल तो. तुझ्याशिवाय इथे कोण लावून देणार आहे?

रुकैया: तुम्हाला आजपर्यंत वाटत आलं, मी हा खिसा तुमच्या चष्म्यासाठी लावते. लग्न झालं तेव्हा फजरच्या नमाजाला उठलात की अंधारात चाचपत बसायचात. उशी ओढायचात, माझ्या अंगावरून हात फिरवायचात, माझी झोप मोडायची. म्हणून लावला होता, माझ्यासाठी.

मजीद: माहीत आहे मला.

रुकैया: मग आता इथे तुम्ही कोणाची झोप मोडणार आहात?