मार्थाचे पोहे

— नाही नाही, बरोबर जागी आलात, मराठी उपासना इथेच. सकाळी हॉल इंग्रजीवाल्यांचा, दुपारी आपला. अजून कोणी जमलेलं नाही, म्हणून म्हटलं इकडे स्वयंपाकघरात या, बसा त्या स्टुलावर. दिनकर म्हणालात ना? अच्छा, नगरहून दिल्लीला बदली, क्वार्टर सरोजिनी नगरला — चलो, म्हणजे आता दर रविवारी याल. ही कोथिंबीर जरा निवडता का? पाहुण्याला पहिल्याच दिवशी कामाला लावतोय, पण मला एकट्याला हे जमायचं नाही. पोहे भिजत घालायचे असतात की नुसते धुवायचे? नुसते धुवायचे? बघा. मी सकाळपासून भिजत घातलेत. सगळी नोकरी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, पोह्यांबद्दल तिथे कोणी काही बोललं नाही.

उपासनेतला संदेश मी देणार होतो, हो. इतकी वर्षं बहुतेक मीच देतो — आपल्याला पूर्णवेळ पाळक परवडत नाही, म्हणून आळीपाळीने, आणि पाळी फिरून माझ्याकडेच येते. पण आज कुमुद बोलणार आहे. माझी बायको. का दचकलात? आपली मंडळी पुढारलेली आहे, दिनकरराव. स्त्रियांनी व्यासपीठावरून बोलावं हा ठराव आपण केव्हाच केलाय, मसुदा माझाच. फक्त तेव्हापासून कोणी उभी राहिली नव्हती. राहणार कशी? संदेशाच्या वेळी सगळ्या इथे आत पोहे करत असायच्या.

झालं काय, आपल्याकडे शास्त्रपाठ ठरलेले असतात, तीन वर्षांनी तोच भाग फिरून येतो. मागच्या फेरीला माझ्या वाट्याला मार्था आणि मरीया आल्या. प्रभू त्यांच्या घरी आलेत, मार्था चुलीपाशी राबतेय, मरीया पायांशी बसून ऐकतेय. मार्था तक्रार करते आणि प्रभू म्हणतात, मरीयेनं निवडलं तेच चांगलं. मी ओघात बोलून गेलो — आपल्यातही मार्था आहेत, वचन चाललेलं असतं आणि यांचं लक्ष फोडणीत. बस्स. पुढच्या रविवारी कुमुद येऊन पहिल्या रांगेत बसली, हातावर हात ठेवून. तिचं पाहून बाकीच्याही. पोहे नाहीत, चहा नाही. माझा उपदेश कोणी अमलात आणल्याचं हे एकमेव उदाहरण.

तेव्हापासून बाजारातून समोसे येतात, तेही गार, आणि लोक ‘आमेन’ म्हणता म्हणता चपला शोधतात. आता तुम्ही विचाराल, ती जर आत होती तर तिला कळलं कसं? बिल्कुल योग्य प्रश्न. विश्वनाथनं सांगितलं — आपले सेक्रेटरी, दुसरं कोण सांगणार? इथे आत हॉलमधलं काही ऐकू येत नाही. हे दार बघा केवढं जाड आहे. त्या भरवशावर तर मी — ते जाऊ दे. मिरच्या किती घालू? या विश्वनाथनंच मागच्या महिन्यात मला गाठलं, म्हणाला, सर, उपदेश मागे घेता येतो का? पाठ पुन्हा येतोय, या वेळी मार्थाच्या बाजूनं बोला, मंडळी पोह्यांवाचून फुटायला आली. मी तयारीला लागलो. मार्थाची बाजू घेता येते हो, अभ्यास केला की कोणाचीही घेता येते, हाच तर अभ्यासाचा धोका. घरी म्हणून पाहत होतो, तर कुमुद पेपराआडून म्हणाली, “मागच्या वेळी तुम्ही बरोबर होतात. आता पोह्यांसाठी फिरू नका.” मी विचारलं, मग बोलू काय? तर म्हणाली, “या वेळी मी बोलते. पोहे ज्याला हवेत त्यानं करावेत.”

म्हणून हा मी.

ती चांगलं बोलेल, त्याची काळजी नाही. म्हणजे आहे, पण ती वेगळी. काळजी उदाहरणांची. ग्रीक शब्द सांगितला की लोक जांभया देतात, घरचं काही सांगितलं की जागे होतात, म्हणून घरचं सांगावं लागतं. हिनं स्कूटर शिकताना भाजीच्या ठेल्यावर घातली, ते मी क्षमेवर बोलताना सांगितलं. ही घोरते, ते जागृत राहण्यावर. आमचा अबोला झाला, ते धीरावर. सगळं निरुपद्रवी, आणि ती इथे आत असायची, तिला कुठे कळतंय? उलट घरी जाताना मेट्रोत, मयूर विहार येईपर्यंत, मी तिला अख्खा संदेश पुन्हा सांगायचो, बिचारीला ऐकायला मिळाला नाही म्हणून. तेवढी उदाहरणं गाळून. ती शांतपणे ऐकायची आणि शेवटी विचारायची, “आज घरचं काही सांगितलं नाहीत?” मी म्हणायचो, छे, आज नाही.

आणि माझ्याबद्दल सांगण्यासारखं आहे काय? संदेश असला की आदल्या दिवशी माझं पोट बिघडतं. आरशासमोर म्हणून बघतो, गहिवरायच्या जागी गहिवरूनही बघतो. देव खरंच ऐकतो का, असं तिला अधूनमधून विचारतो, आणि ती म्हणते, झोपा आता. एवढंच. हे बाहेर कोणाला माहीत नाही. तुम्हालाही मी सांगितलेलं नाही. तिनं तरी कशाला सांगावं? तिला माझ्या उदाहरणांचा पत्ताच नाही, म्हणजे सूड उगवण्याचा प्रश्नच येत नाही. नाही का?

पेटी वाजली वाटतं. गीत सुरू झालं. तुम्ही जा हॉलमध्ये, आणि नंतर मला सांगा ती काय बोलली ते, कारण इथे काही ऐकू — 

थांबा. हा विश्वनाथचा आवाज ना? शास्त्रपाठ वाचतोय. दार लावलंय ना तुम्ही? लावलंय. मग हे — ही जाळी कसली? ओट्याच्या वरची. पलीकडे काय येतं? व्यासपीठ. शब्दन् शब्द येतोय हो. त्यानं पान उलटलं, तेसुद्धा ऐकलंत? म्हणजे ही इथे उभी असायची. नेमकी इथे, हातात उलथनं. ठेला, घोरणं, अबोला, सगळं — आणि वर मेट्रोत मला विचारायची, आज घरचं काही सांगितलं नाहीत? आणि त्या विश्वनाथशी मी तीन वर्षं धड बोललो नाही.

ती उभी राहिली. खाकरली. “आमच्या घरी एक गृहस्थ आहेत —”

हसले लोक. एवढ्यातच हसले.

गॅस बंद करा, दिनकरराव. लगदा झालाय तो, राहू दे. तुम्ही जा आत, जा, पहिल्या रांगेत माझी जागा रिकामी असेल. मला नको. इथून नीट ऐकू येतं.