तिसरं पातेलं

आता मला सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर? शेजारच्या खुर्चीतल्या जाणत्या गृहस्थांवर, की स्वतःच्या कानावर? नाही, तुम्हीच सांगा! चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवतोय, शाळा चौथीत सुटली, पण पातेलं हातात आलं की बोटानं टक्क करून बघतो, खणखणीत वाजलं तर फळीवर, बद्द वाजलं तर मोडीत. मी आपला वाजवून घेणारा माणूस!

तर आमची मुलगी संगीत लिहिते. गात नाही, वाजवत नाही... लिहिते! साठ वादकांसाठी! रविवारी दुपारी मोठ्या सभागृहात तिची रचना पहिल्यांदाच वाजणार, तीही कुठे, तर दोनशे वर्षं गाजत आलेल्या दोन रचनांच्या मधोमध. म्हणजे दोन जुन्या पेढ्यांच्या मध्ये परवाचं दुकान! पोरगी आठ दिवस धड जेवली नव्हती. "बाबा, हे पडलं तर पुन्हा कुणी माझा कागद उघडणार नाही." आणि त्या रचनेत सात पितळी पातेली, आपल्या दुकानातली, एकेक मी स्वतः वाजवून दिलेली!

पहिली जुनी रचना झाली. छान झाली, मला दोनदाच डुलकी लागली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आता ते नवीन. संपलं कधी ते कळत नाही, मी टाळी वाजवली की तुम्ही वाजवा." बायकोनं माझं मनगट आधीच धरलेलं, "हे बघा, गप्प बसायचं!"

सुरू झालं. व्हायोलिनं कुजबुजतायत, मागे नगारे घुमतायत, काळ्या कोटातला पातेलीवाला काठी उचलतो, पहिलं... खण्ण! दुसरं... खण्ण! तिसरं...

बद्द!

अहो, माझं पातेलं, पोरीचा दिवस, आणि बद्द? मी आपला वाजवून घेणारा माणूस, बसवेल कसं? उभाच राहिलो! "थांबा! तिसरं फुटकं आहे! बदला ते!"

साठ वादक गप्प. वाद्यवृंदाच्या संचालकांची छडी हवेत. हजार माना माझ्याकडे. बायकोचं तोंड कार्यक्रमपत्रिकेत. आणि तो पातेलीवाला बिचारा गांगरून, खात्री करायला की काय, पुन्हा त्याच पातेल्यावर... बद्द! मला उत्तर दिल्यासारखं! सभागृह हसत सुटलं, छडी खाली आली, आणि त्या हशावरच सगळी व्हायोलिनं अशी उसळली म्हणता... अंगावर काटा! शेवटी लोक उभे! शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणतात, "काय धाडस हो, श्रोत्यांत नट बसवला!"

आत गेलो, माफी तोंडाशी. पोरगी हसत-रडत गळ्यात पडली. "बाबा, तुमची सातही खणखणीत होती. तिसरं काढून मोडीतलं मीच ठेवलं. मला ते बद्दच हवं होतं!"

मागून संचालक, "अजून पाच प्रयोग आहेत. तुम्ही रोज हवे. त्याच खुर्चीत, त्याच क्षणी."

आता माझी तालीम चालते हो! काल पोरगी म्हणते, "बाबा, 'थांबा' जरा खाली लागतंय. पुन्हा." वाजवून घेणारा माणूस मी, आणि आता मलाच वाजवून घेतायत! जाऊ दे, तसंही घरात हल्ली मोडीतल्या मालालाच मान. शनिवारी या तुम्ही. फक्त एवढं करा, टाळ्यांचा हिशोब चोख ठेवा... पोरीच्या टाळ्या पोरीला, पातेल्याच्या पातेल्याला, आणि मी बद्द वाजलो, तर तेही खरं लिहा!