एका कुत्रीचा खुबा आणि सत्त्याण्णव वर्षांची मॅच

...आणि आता म्हणतात, विमान कुत्रीसाठी गेलं होतं!

हसू नका हो. तुम्हाला सांगतो, कुत्रीसाठी! खासगी जेट, दोन वैमानिक, बाराशे मैलांचा प्रवास, आणि आत कोण? तर डचेस. वय वर्षं अकरा, काळी लॅब्रडॉर, उजवा खुबा निकामी. आता तुम्हीच सांगा, मंगळवारी सकाळी नेब्रास्कातला एक निवृत्त माणूस कॉफीचा मग घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलाय, आणि त्याच्या डोळ्यांदेखत आपल्या विद्यापीठाच्या सगळ्यात मोठ्या देणगीदाराचं विमान नॉर्थ कॅरोलायनात उतरतंय, बरोब्बर त्याच गावात जिथे सीबोर्ड कॉन्फरन्सचं, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या फुटबॉल संघांच्या गटाचं, मुख्य ऑफिस आहे... त्या माणसाच्या डोक्यात काय येईल? कुत्री येईल? कुत्रीचा खुबा येईल? मग सगळे माझ्याच नावाने का खडे फोडतायत?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही आमच्या वेल्डासारखे अर्धं ऐकून 'चूक तुझीच' म्हणाल आणि मोकळे व्हाल. वेल्डा म्हणजे माझी बायको. मी डेलमार सोबोत्का. चौतीस वर्षं शाळेची बस चालवली, चौदा नंबरची, एकदाही खड्ड्यात घातली नाही. आणि जन्मापासून सँडहिल स्टेट विद्यापीठाचा माणूस. फुटबॉलचा आमचा संघ 'क्रेन्स'. नाही, शिकलो नाही मी तिथे. वर्गात कधी पाऊल टाकलेलं नाही. विद्यापीठाशी माझा संबंध स्टेडियमबाहेरचा पार्किंग लॉट सी, जागा नंबर एक्केचाळीस, एवढाच. पण तो संबंध बेचाळीस वर्षांचा आहे, प्राध्यापक तरी टिकतात का एवढे?

तर पूर्वी कसं होतं, आसपासची दहा विद्यापीठं मिळून एक कॉन्फरन्स. आपापसांत खेळायचं, बसने जायचं, बसने यायचं, हरलात तर वाटेत ॲपल-पाय खाऊन घरी. मग टीव्हीवाले आले, त्यांनी पैसे दाखवले, आणि जो तो उठला की कॉन्फरन्स बदलायला लागला! टेक्सासचा उत्तरेत, कॅलिफोर्नियाचा पूर्वेत, नकाशा नुसता फाडून फेकून दिला. आमची मिडलँड कॉन्फरन्स फुटणार, फुटणार, दोन उन्हाळे नुसती कुजबुज. पेट्रोल पंपावर सकाळी आमचं टेबल बसतं ना, तिथला रॉयस, जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनं केलेला माणूस, तो मला बोट नाचवून सांगतो, "डेलमार, बाजारपेठ बघ बाजारपेठ! आपल्याकडे टीव्ही किती? माणसांपेक्षा गायी जास्त, आणि गायी कुठे मॅच बघतात?" मी म्हटलं, "रॉयस, सीबोर्ड म्हणजे समुद्राचा काठ! आपल्यापासून समुद्र चौदाशे मैल!" तर म्हणतो, "म्हणून तर विमानं आहेत."

विमानं! आता तुम्हाला हे माहीत असेलच, विमानाच्या शेपटीवर नंबर असतो. तो नेटवर टाकला की विमान कुठे चाललंय ते नकाशावर दिसतं. चोरून नाही हो, उघड उघड! अख्ख्या देशातले फुटबॉलवेडे हेच करतात, कोणाचा कुलगुरू कुठे उतरला, कोण किती तास थांबला, त्यावरून ताडतात कोण कुठे जाणार ते. आमच्याकडे कुलगुरूंना विमान नाही, पण क्लिफर्ड ड्रेगरकडे आहे. डुकरांच्या खाद्याचा मालक, स्टेडियमची अख्खी उत्तर बाजू त्याच्या पैशाने उभी. त्याच्या विमानाचा नंबर मला लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे. हे वेल्डासमोर बोलून चुकलो, ते वेगळं.

तर मंगळवार, पावणेदहा. विमान उतरलं. मी नेटवरच्या आमच्या कट्ट्यावर लिहिलं, 'ड्रेगरचं विमान सीबोर्डच्या दारात. समजणाऱ्याने समजावं. क्रेन्स निघाले!' बास, तीन वाक्यं! खाली सही, 'बस नंबर १४'. अकरा वाजेपर्यंत चारशे उत्तरं. बाराला रेडिओवाला घसा खाकरून म्हणतो, "अत्यंत विश्वसनीय सूत्रांकडून कळतं की..." आणि मी, अहो, मी स्वतः टाळी वाजवली! वेल्डाला म्हटलं, "बघ, रेडिओसुद्धा तेच सांगतोय!" कशाच्या जोरावर सांगतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एका कुत्रीच्या खुब्यावर, दुसऱ्या कशावर!

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. खरी गोष्ट लीलंडची.

लीलंड माझा थोरला भाऊ. पन्नास मैलांवर राहतो, प्लॅट व्हॅलीत, आणि तो तिथल्या विद्यापीठाच्या संघाचा, 'बायसन'वाला. त्यांच्या विद्यापीठात एक सहामाही शिकला, शेतकीत नापास होऊन पळाला, पण टोपी मात्र चाळीस वर्षं त्यांचीच. आता आमच्या सोबोत्कांच्या घरात फोन उचलून 'कसा आहेस रे' विचारायची पद्धत नाही. आमच्याकडे यायला कारण लागतं. आई गेली तेव्हा कबरीपाशी आम्ही दोघं शेजारी उभे, पाद्री बोलतायत, आणि लीलंड हळूच विचारतो, "तुमच्या किकरचा पाय बरा झाला का?" मी म्हटलं, "झाला." झालं आमचं दुःख व्यक्त करून. पण नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार आला की क्रेन्स विरुद्ध बायसन, सत्त्याण्णव वर्षांची मॅच, आणि त्या दिवशी तो येणार म्हणजे येणारच! लॉट सी, नंबर एक्केचाळीस. मी चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, आणायची, वेल्डाने दालचिनीचे रोल करायचे, ते चिलीत बुडवून खायचे, हरेल त्याने पातेलं घासायचं, आणि दिवसभर एकमेकांच्या संघाची सालं काढायची. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. त्या नोव्हेंबरला आला तर कोटाची बटणं मासे धरायच्या दोऱ्याने शिवलेली. मला फार वाईट वाटलं. त्याला दोन रोल जास्त वाढले.

आणि मागच्याच मॅचला हा मला काय म्हणतो? तोंडात माझाच रोल, आणि म्हणतो, "डेलमार, उद्या कॉन्फरन्सा फुटल्या ना, तर तुम्हाला विचारणार कोण? मक्याच्या शेतात स्टेडियम बांधलंय तुम्ही!" झोंबलं हो मला ते. सहा महिने झोंबत होतं. ती तीन वाक्यं मी जगासाठी लिहिलीच नव्हती, मला पक्कं ठाऊक होतं की लीलंड आमच्या कट्ट्यावर खोट्या नावाने येऊन वाचतो. 'खरा क्रेन ७९' म्हणे! खरा क्रेन कधी 'किंबहुना' लिहितो का? अख्ख्या नेब्रास्कात तो शब्द वापरणारा एकच माणूस आहे.

वाचलं त्याने. आणि वाचून काय करावं? गप्प बसावं? नाही! घाबरला! 'सँडहिल निघालं, आपण मागे राहिलो!' गावभर फिरला, सहाशे सह्या गोळा केल्या, त्यांच्या एका विश्वस्ताला हा बियाणं पुरवायचा, त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला, "साहेब, काहीतरी करा, बुडालो आपण!" विश्वस्त घाबरले, कुलगुरू घाबरले, आणि शुक्रवारी, फक्त तीन दिवसांत हो, प्लॅट व्हॅलीने सही करून टाकली. कोणाबरोबर? सनसेट कॉन्फरन्स! ऑरेगन, ॲरिझोना, कॅलिफोर्नियाचा किनारा! ज्यांच्या गावात पोहायचा तलाव धड नाही, ते निघाले पॅसिफिकला.

आणि शनिवारी आमच्या विद्यापीठाचं निवेदन. 'सँडहिल स्टेट कुठेही जात नाही. सीबोर्डशी बोलणी झालेली नाहीत. श्री. ड्रेगर यांचा प्रवास खासगी व वैद्यकीय स्वरूपाचा होता.' खाली डचेसचा फोटो. गळ्यात तो मोठा प्लॅस्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा, आणि चेहरा असा की जणू मीच ऑपरेशन केलंय! प्लॅट व्हॅलीपाठोपाठ आणखी चार विद्यापीठं पांगली, कॉन्फरन्स फुटली, आम्ही उरलेल्या चार विद्यापीठांबरोबर इथेच, ते तिकडे, आणि दोघांच्या वेळापत्रकात एकमेकांना जागा नाही. सत्त्याण्णव वर्षांची मॅच, महायुद्धात बंद पडली नाही, बर्फाच्या वादळात बंद पडली नाही, ती बंद पडली कशापायी? एका कुत्रीच्या खुब्यापायी!

रॉयस टेबलावर म्हणतो, "शंभरीला तीन कमी, हं डेलमार." मी पैसे ठेवून उठलो.

मग नोव्हेंबर आला. शेवटचा शनिवार. मॅच नाही, काही नाही. मी सकाळी उठलो, चिली केली. वेल्डा म्हणाली, "कुठे निघालास?" म्हटलं, "कुठे नाही, जरा गाडीची बॅटरी चालू ठेवायला." लॉट सी मोकळा. सहाशे गाड्यांची जागा, आणि एक मी. खुर्ची मांडली, वाऱ्याने उडाली, परत मांडली. पातेल्याचं झाकण उघडतोय, बंद करतोय, उघडतोय... बसवत नव्हतं हो. कधी उठून एक्केचाळीस नंबरभोवती चकरा मारतोय, कधी रस्त्याकडे बघतोय, मग स्वतःलाच म्हणतोय, तो कशाला येईल, त्याला यायला आता कारण काय?

आणि अकराला त्याचा ट्रक आला!

उतरला. हातात कागद. माझी ती तीन वाक्यं, छापून आणलेली! "डेलमार," म्हणतो, "मी जेवायला आलेलो नाही. जाब विचारायला आलोय. हे तू लिहिलंस का?" मी म्हटलं, "लिहिलं! आणि त्या सहाशे सह्या कोणी आणल्या? मी?" "तू लिहिलंस म्हणून आणल्या!" "मी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर मारली असतीस?" "किंबहुना तुझ्यासारख्याने सांगितलं म्हणून मीच दुसरीकडे खात्री करायला हवी होती!" "मग का नाही केलीस?" असं चार तास. चिली संपली, रोल संपले, घसे बसले. निघताना ट्रकच्या काचेतून बोट रोखून म्हणतो, "हे संपलेलं नाही! पुढच्या शनिवारी येतो. नकाशे घेऊन!"

आला. त्याच्या पुढच्यालाही आला. नाताळात तर वेल्डाने त्याला गादीच घालून दिली, कारण दोन दिवसांत मुद्दे संपेनात. एकदा बटणं तिने नीट शिवून दिली, तेव्हाही तो माझ्याकडे बघून ओरडतच होता, कोटाची कड मात्र तिच्यापुढे धरलेली.

आता इथे बाहेरचं कोणी नाही ना? मग तुम्हाला एक सांगतो. मी म्हणालो ना, कुत्रीचं शनिवारी कळलं? खोटं. मंगळवारीच कळलं होतं. दुपारी एकला वेल्डा पार्लरमधून आली, म्हणाली, ड्रेगरबाई रडत होती, डचेसचं आज नॉर्थ कॅरोलायनातल्या जनावरांच्या इस्पितळात ऑपरेशन आहे, विमानाने नेलीये. मी पोस्ट काढायला बसलो. शपथेवर सांगतो, बोट बटणावर होतं. आणि फोन वाजला. लीलंड! अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने आपण होऊन फोन केलेला. "डेलमार, खरंय का रे हे?" आता मी 'नाही रे, कुत्री आहे ती' म्हटलं असतं तर त्याने 'बरं' म्हणून फोन ठेवून दिला असता. मी म्हटलं, "सूत्रं पक्की आहेत." वीस मिनिटं बोलला हो. वीस मिनिटं!

तेव्हा चूक कोणाची हे मला काय तुम्ही सांगणार? पण 'लीलंड, माझंच चुकलं' एवढं म्हटलं की वाद मिटला, आणि वाद मिटला की तो पन्नास मैल यायचा कशाला? म्हणून काय करणार... येत्या शनिवारी अकराला तो आला, की मी पुन्हा टेबलावर मूठ आपटून सांगणार आहे, चूक सगळी तुझी!